सोमरस, हौगसाहेब आणि एक रिकामी खुर्ची

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी हे इस्पितळात होते. दमा लहानपणापासूनचा, त्यात वय एक्याऐंशी. शेवटच्या आठवड्यात श्वासाचा त्रास फारच वाढला, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या जातीचे एक औषध थोड्या प्रमाणात सुरू केले. त्याने आराम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारी बसून वर्तमानपत्र चाळत होते. हे अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, आईला बसायला खुर्ची दे. केव्हाची उभी आहे."

सासूबाईंना जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती.

मी म्हणाले, "अहो, तिथे कोणी नाही. औषधाने तसे वाटतेय तुम्हाला." त्यांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि "बरं" म्हणून डोळे मिटले. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना विचारले. ते म्हणाले, या औषधाने आणि रक्तात प्राणवायू कमी पडल्याने असे भास होतात, काळजी करू नका. तिसऱ्या दिवशी पहाटे हे गेले.

चौतीस वर्षे मुलांची चुकलेली वाक्ये दुरुस्त केली. ती सवय हातात आणि जिभेत इतकी मुरली होती की नवऱ्याचेही शेवटचे एक वाक्य मी लाल शाईने दुरुस्त केले. ते वाक्य खरेच चूक होते का, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. औषधाच्या अमलाखाली माणसाला जे दिसते ते खरे की खोटे? मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञही नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. पण प्रश्न पडला की आधी कोणाला पडला होता का हे जुन्या पुस्तकांत शोधायचे, एवढे मला येते. शोधता शोधता मी आपल्या पुण्यातच येऊन पोचले.

ह्यांचा विषय संस्कृत. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांची कपाटे आवरताना सोमाविषयीची पुस्तके आणि टिपणांची एक वही हाती लागली. वहीच्या पहिल्याच पानावर एक नाव होते : मार्टिन हौग.

हा जर्मन पंडित १८२७ साली व्युर्टेंबर्ग प्रांतात जन्मला आणि १८५९ च्या अखेरीस पुण्यात आला. पूना कॉलेजात संस्कृत अभ्यासाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली होती. पेशवाईनंतर १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा १८५१ साली पूना कॉलेज झाली, आणि १८६४ साली तिचेच डेक्कन कॉलेज झाले. येरवड्याची दगडी इमारत त्याही नंतरची. म्हणजे हौगसाहेबांचे पुणे हे शनिवार-सदाशिव पेठांचे, वाड्यांचे, अग्निहोत्र्यांचे पुणे. युरोपात बसून वेदांवर लिहिणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते. हौगना मात्र वाटले की यज्ञ हा वाचून कळणार नाही, तो पाहिला पाहिजे.

पण परक्या साहेबाला यज्ञ दाखवणार कोण? अखेर त्यांना एक श्रोत्रिय मिळाले. त्यांनी स्वतः लहान इष्टी केल्या होत्याच, शिवाय काही सोमयागांत ऋत्विज म्हणूनही बसले होते. हौगनी त्यांना चांगली दक्षिणा देऊ केली. मग हौगच्याच आवारात, लोकांच्या नजरेआड, त्यांनी चार-पाच दिवस मुख्य मुख्य विधी करून दाखवले आणि साहेबांनी टिपणे घेतली. या सगळ्याचा उपयोग करून हौगनी ऐतरेय ब्राह्मणाची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर तयार केले. ते १८६३ साली मुंबईत सरकारी बुक डेपोतर्फे दोन खंडांत निघाले.

त्या भाषांतराला एक तळटीप आहे, ती ह्यांनी वहीत उतरवून घेतली होती. तिचा मतलब असा. दक्षिणेतले याज्ञिक सध्या जी वनस्पती वापरतात ती वेदांतला सोम नव्हे, पण त्याच्याच जातीची दिसते. ती पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर चार-पाच फूट उंच वाढते. एकाच मुळातून पुष्कळ फांद्या फुटतात आणि त्यांना पाने नसतात. रस पांढरट, कडू आणि तुरट निघतो. आणि पुढे साहेब लिहितात की हे पेय मोठे घाणेरडे आहे, त्याचा थोडा अंमल चढतो, आपण ते अनेकदा चाखले, पण दोन-चार चमच्यांपलीकडे पिणे अशक्य झाले.

मला हा माणूस एकदम आवडला. वर्णन सोमवल्लीशी तंतोतंत जुळते, ती बिनपानांची चिकाळ वेल आजही सह्याद्रीत सापडते. महत्त्वाचे म्हणजे ज्या रसाविषयी आख्खे नववे मंडल, एकशे चौदा सूक्ते, रचली गेली तो रस जिभेवर घेऊन पाहावा असे या माणसाला वाटले. त्याला देव दिसले नाहीत. तोंड कडू झाले. आणि त्याने तेच प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. ऋग्वेदातले ऋषी सोम प्याल्यावर जे सांगतात ते काही लहानसहान नाही. आठव्या मंडलात अमरत्वाची आणि प्रकाशाची गोष्ट आहे. दहाव्या मंडलातल्या लबसूक्तात बोलणारा इतका मोठा होतो की पृथ्वी उचलून इकडची तिकडे ठेवायच्या गोष्टी करतो. हे सगळे त्यांनी खरोखर अनुभवले की ही नुसती कवीची झेप? आणि अनुभवले असेल, तर ते रसाने की आणखी कशाने?

वर्गात दरवर्षी एखादा टारगट मुलगा विचारायचाच, "बाई, सोमरस म्हणजे दारूच ना?" आणि मी दरवर्षी सांगायची, "नाही रे बाबा. दारूला वेदात सुरा म्हणतात, आणि सुरेबद्दल ऋषींचे मत काही चांगले नाही. दारूला आंबवावे लागते. सोम त्याच दिवशी कुटायचा, मेंढीच्या लोकरीतून गाळायचा, दूध-दही घालायचे आणि द्यायचा." मुलगा खट्टू होऊन खाली बसायचा. पण मग सोम म्हणजे काय, हे त्याने विचारले असते तर मला सांगता आले नसते.

ते सांगण्याची सर्वांत धाडसी खटपट केली एका अमेरिकन बँकवाल्याने. गॉर्डन वासन हे न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांना अळंब्यांचा नाद होता. १९५५ साली मेक्सिकोच्या एका डोंगरी गावात मारिया साबिना नावाच्या वैदू बाईच्या रात्रीच्या विधीत बसून त्यांनी तिथली अळंबी खाल्ली आणि त्यांना विलक्षण दृश्ये दिसली. १९६८ साली त्यांनी सोमावर एक मोठा ग्रंथ काढला. त्यांचे म्हणणे असे की ऋग्वेदात सोमाची पाने, मुळे, फुले, बिया यांचे वर्णन नाही, तो डोंगरावरचा आहे, त्याचा रंग तेजस्वी आहे. म्हणजे तो लाल टोपीचे पांढरे ठिपके असलेले अळंबे असला पाहिजे. परीकथांच्या पुस्तकांत चित्र असते ना, तेच. सैबेरियातले लोक ते खाऊन तंद्रीत जात. वासन यांनी जपानमध्ये मित्रांबरोबर ते स्वतः खाऊनही पाहिले. बहुतेकांना मळमळ झाली, एकालाच काय तो आनंदाचा झटका आला. हौगसाहेबांचा तो कडू चमचा मला आठवल्यावाचून राहिला नाही.

पुण्यातल्या एका पंडिताचे उत्तर वेगळे होते. वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद पाच खंडांत छापला आणि पुढे श्रौतकोशाचे प्रचंड काम हाती घेतले. त्या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते चिं. ग. काशीकर यांनी सोमाच्या ओळखीवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने १९९० साली प्रसिद्ध केले. ह्यांच्या कपाटातल्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणाच खुणा आहेत. काशीकरांचा कौल इफेड्रा या झुडपाला आहे. ते इराण-अफगाणिस्तान-हिमालय या भागात डोंगरावर वाढते, त्यालाही पाने जवळजवळ नसतात. इराणमधले जरथुस्त्री लोक आपल्या विधीत 'होम' म्हणून तेच वापरतात, आणि होम व सोम हे शब्द भाऊभाऊ आहेत. त्याच सुमारास, १९८९ साली, हॅरी फाल्क या जर्मन विद्वानानेही मांडले की ऋषी सोम पिऊन भ्रमात जात नसत, उलट टक्क जागे राहत. रात्रभर चालणाऱ्या यज्ञात जागरण हवे, आणि सूक्ते रचायला तल्लख डोके हवे.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. कारण इफेड्राची ओळख मला घरातच होती. या झुडपातले इफेड्रिन हे द्रव्य १८८५ साली नागाई नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने वेगळे काढले आणि पुढे ते दम्याचे औषध म्हणून जगभर चालले. आमच्या लग्नानंतरची कित्येक वर्षे ह्यांच्या उशाशी इफेड्रिन असलेल्या गोळ्यांची बाटली असे. रात्री धाप लागली की एक गोळी. छाती मोकळी व्हायची, पण झोप उडायची. मग हे दिवा लावून पेपर तपासत बसत, नाहीतर एखादा अवघड श्लोक घेऊन बसत. पहाटे मला उठवून सांगत, "सापडला! अर्थ सापडला!" रात्री तीन वाजता त्यांना सगळे लख्ख दिसत असे. सकाळी चहा घेताना ते तोच अर्थ पुन्हा तपासत. चारांतले तीन अर्थ तिथेच गळून पडत. ते स्वतःच हसून कागद फाडत. पण एखादा टिकायचा. जो टिकला तो रात्री गोळी घेऊन सुचला म्हणून त्यांनी कधी टाकून दिला नाही, आणि जे गळले ते रात्री फार लख्ख दिसले होते म्हणून कधी ठेवलेही नाहीत.

आता आपल्या परंपरेने या प्रश्नाचे काय केले ते पाहू. खरा सोम मैदानी मुलखात मिळेनासा झाला तेव्हा ब्राह्मणग्रंथांनी पर्याय सांगितले, पूतीक आणि अशाच इतर वनस्पती. विधी मात्र तसूभरही हलला नाही. आजही सोमयागात सोम विकत घेण्याचा प्रसंग असतो, गाय देऊन, घासाघीस करून. मग त्याला राजा म्हणून गाडीवर बसवून आणतात, पाहुण्यासारखे स्वागत करतात, दिवसातून तीन वेळा कुटून रस काढतात. ज्या रसाने फार तर तोंड कडू होते त्यावर हे सगळे दोन-अडीच हजार वर्षे चालले. म्हणजे यज्ञ करणाऱ्यांच्या लेखी किमया त्या चिकात नव्हती. ती मंत्रात होती, व्रतात होती, पाच-सहा दिवसांच्या नेमात होती. रसायन हरवले तरी अर्थ हरवला नाही, असे त्यांना वाटत होते.

पण परंपरा एवढ्यावर थांबत नाही. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या अगदी पहिल्या सूत्रात पतंजलींनी सिद्धी कशाकशाने मिळतात याची यादी दिली आहे : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. यादीत औषधी स्वच्छ आहे, लपवलेली नाही. हे वाचून मला पतंजलींचा आदर वाटला. औषधाने काहीच होत नाही, सगळे थोतांड, असे ते म्हणत नाहीत. फक्त पुढे लगेच सांगतात की समाधीतून घडलेले चित्त तेवढे वासनांच्या संस्कारांपासून मोकळे असते. वाट कुठलीही असो, माणसाचे पुढे काय होते ते त्यांना पाहायचे आहे.

पश्चिमेकडे हाच वाद विसाव्या शतकात नव्याने पेटला. १९४३ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट होफमान यांना आपण बनवलेल्या एलएसडीचा परिणाम अनुभवाला आला. १९५३ साली आल्डस हक्सले यांनी मेस्कलीन घेतले आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहून सांगितले की एरवी मेंदू जी दारे बंद ठेवतो ती उघडली. ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्म शिकवणाऱ्या झेनर यांनीही मेस्कलीन घेऊन पाहिले आणि १९५७ साली पुस्तक लिहून सांगितले की यात अध्यात्माचे काही नाही. औषध एकच, माणसे दोन, निकाल दोन. सत्तरच्या दशकात कोरेगाव पार्कात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आलेल्या गोऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या डोक्यात हक्सले होते. आमच्या पेठेतल्या लोकांना ते सरसकट गंजेकस वाटत.

हा 'गंजेकस' शब्द माझ्याही तोंडी सहज येई. म्हणून एक जुनी चौकशी सांगते. गांजाने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली. १८९३ साली पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने प्रश्न काढला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा नगर जिल्ह्यात गांजाची लागवड होत असे. आयोगाने ठिकठिकाणी फिरून ११९३ साक्षी घेतल्या. १८९२ साली देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद होती. आयोगाने या २२२ नोंदींची एकेक करून छाननी केली. रोगी आणणाऱ्या पोलिसाकडे कारणाचा रकाना असे, आणि दुसरे काही माहीत नसले की त्यात गांजा लिहून मोकळे व्हायचे. छाननीनंतर उरले ९८, आणि त्यांतही नुसत्या गांजा-भांगेवर बोट ठेवता येईल असे ६१. १८९४ च्या अहवालात आयोगाने सांगितले की बेताने घेणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही, अति घेणाऱ्याचे बिघडते, आणि सरसकट बंदीची गरज नाही.

मला यात गांजाची वकिली करायची नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे, एलएसडीवरही आहे, आणि कुणाच्या मुलाने हे वाचून प्रयोग करावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. कोवळ्या डोक्याचे यात कायमचे नुकसान होऊ शकते. मला लागली ती गोष्ट वेगळीच. ज्या साहेबांनी आणि पोलिसांनी रजिस्टर भरले त्यांच्या पोटात भांगेचा थेंब नव्हता. शुद्धीवर असूनही त्यांना जे कारण दिसले ते तिथे नव्हते. म्हणजे नसलेले दिसायला नशाच लागते असे नाही. चष्मा लावून, टेबलाशी बसून, शाईने लिहितानाही भास होतो.

अलीकडच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा एक पदर उलगडला आहे. २०१६ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी एलएसडी घेतलेल्या स्वयंसेवकांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. डोळे मिटलेले असताना त्यांच्या मेंदूतला पाहण्याचा भाग बाकीच्या भागांशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बोलत होता. म्हणजे "मला दिसले" असे सांगणारा माणूस खोटे बोलत नाही. दिसण्याची क्रिया आत खरोखरच चालू असते, फक्त माल बाहेरून येत नाही. त्याआधी २००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ३६ निरोगी लोकांना काळजीपूर्वक देखरेखीखाली अळंब्यातले द्रव्य दिले होते. दोन महिन्यांनी विचारले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला, काहींनी मुलाच्या जन्माच्या बरोबरीने. भास म्हणून झटकावे तर तो दोन महिन्यांनीही माणसाला धरून आहे. खरे म्हणावे तर त्यात दिसलेली वस्तू कोणाला दाखवता येत नाही. शास्त्र इथपर्यंत आणून सोडते.

पुढचा रस्ता मला ह्यांच्या वहीच्या शेवटच्या पानांत सापडला. तिथे त्यांनी भ्रमाविषयीची आपल्या दर्शनांची मते मांडून ठेवली होती, बहुधा बारावीच्या कुठल्या मुलासाठी, कारण भाषा अगदी सोपी आहे. उन्हात शिंपला चमकतो आणि माणसाला तो चांदीचा तुकडा वाटतो. त्याला दिसलेली चांदी खरी की खोटी? वेदान्ती म्हणतात, खरी नाही कारण जवळ गेल्यावर नाहीशी होते, आणि अगदीच खोटीही नाही कारण सशाच्या शिंगासारखी ती मुळी दिसलीच नाही असे म्हणता येत नाही. तिला खरी-खोटी यांपैकी काहीच म्हणता येत नाही. प्रभाकराच्या मताचे मीमांसक म्हणतात, समोरचे पाहणे आणि मागचे आठवणे असे दोन व्यापार एकदम चालले आहेत आणि माणसाला त्यांतला फरक कळलेला नाही, एवढेच. आणि नैयायिक म्हणतात, चांदी खरीच आहे. फक्त ती इथे नाही, बाजारात सोनाराच्या दुकानात आहे. पूर्वी पाहिलेली ती चांदी आठवणीने उचलून या शिंपल्यावर आणून ठेवली.

नैयायिकांची कसोटीही फार व्यवहारी आहे. ज्ञान खरे की नाही ते त्यावर विसंबून वागल्यावर ठरते. मृगजळ कितीही चमकले तरी तांब्या भरत नाही. रात्री तीनला सापडलेला अर्थ सकाळी श्लोकात बसतो की नाही ते पाहायचे. ते न पाहता "मला दिसले म्हणजे ते आहेच" असे म्हणणारा जितका उतावळा, तितकाच उतावळा "औषधाने दिसले म्हणजे काहीच नाही" म्हणणारा. गोळीने सुचलेला एखादा अर्थ सकाळी टिकतो हे मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहिले आहे. दिसणे कशामुळे झाले हा एक प्रश्न, आणि जे दिसले त्यात तथ्य किती हा दुसरा. आपण पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा सुटला असे समजतो. पोलिसांनीही रकान्यात तेच केले होते. आणि इस्पितळात मीही तेच केले.

कारण त्या दिवशी मी काय म्हणाले? "औषधाने वाटतेय." ते खरेच होते, डॉक्टरांनी नंतर दुजोराही दिला. पण नैयायिकांच्या हिशेबाने पाहिले तर सासूबाई खोट्या नव्हत्या. चव्वेचाळीस वर्षे त्या ह्यांच्या आई होत्या. दम्याच्या रात्री लहान मुलाला मांडीवर उभे धरून त्यांनी घालवल्या होत्या, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. श्वास अडकला की त्या तिथे असत, उभ्या. त्या खऱ्या होत्या, फक्त त्या खोलीत नव्हत्या. ह्यांच्या आठवणीने त्यांना उचलून दाराशी आणून उभे केले.

कोणी म्हणेल, त्या खरोखरच आल्या नसतील कशावरून? माझ्या मैत्रिणींपैकी दोघी-तिघी ठामपणे असेच म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण भांडतही नाही. भांडायला हाती काही पुरावा हवा. त्या काही बोलल्या असतील, ते ह्यांना आधी माहीत नसलेले असेल, आपल्याला पडताळता येईल असे असेल, तर विचार करता आला असता. निदान आठवण काय घेऊन आली होती ते तरी कळले असते. पण त्यासाठी आधी विचारायला हवे होते. हौगसाहेबांनी परक्या देशातल्या परक्या देवाचा कडू रस आधी चाखला, मग लिहिले. मी न चाखताच निकाल देऊन टाकला.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांना हल्ली तिन्हीसांजेला अंगणात मुले खेळताना दिसतात. सूनबाई बिचारी थकून जाते, "आई, कोणी नाहीये हो" म्हणून म्हणून. परवा मी वर गेले होते तेव्हा आजी मला म्हणाल्या, "बघ की, किती दंगा करतात मेली." मी खिडकीतून पाहिले. खाली दोन स्कूटर आणि एक मांजर होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारले, "किती जण आहेत हो?"

आजी मोजू लागल्या. चार झाली. पाचव्याचे नाव घेताना त्यांचा आवाज बदलला. ते त्यांच्या धाकट्या भावाचे होते, गावच्या ओढ्यात गेलेल्या. सूनबाईने ते नाव लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत कधी ऐकले नव्हते.